पाण्यात लपलेला धातू आणि तो दाखविणारी चमक

कापडाच्या धंद्यात सुताचा भाव, रंगाचा भाव, मजुरी, वाहतूक, आडत या सर्वांचा हिशेब वहीत मांडला जातो. पाण्याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. पाणी विहिरीतून येते, बोअरमधून येते आणि नालीत जाते. ते फुकट आहे, म्हणून त्याला वहीत जागा नाही. आमगावात बसून इतकी वर्षे कापड विकूनही आमचा हाच समज होता. तो कसा चुकीचा ठरला आणि त्यानंतर आम्ही काय शिकलो, ते व्यापारी व कारागीर बंधूंपुढे मांडावे, एवढ्याचसाठी हा लेख.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. रसायनशास्त्राला आम्ही शाळेत 'कीमिया' म्हणत असू आणि परीक्षा संपल्यावर ते पुस्तक बंद झाले ते कायमचे. तेव्हा या लेखात काही अवघड वाटले तर दोष विषयाचा नाही, सांगणाऱ्याचा समजावा.

प्रकार काय घडला

काही वर्षांपूर्वी आम्ही कोशाचे, म्हणजे टसरचे, काही तागे एका रंगारी कारागिराकडे रंगवायला दिले. हे गृहस्थ जुन्या पद्धतीने डाळिंबाची साल आणि तुरटी वापरून हळदी पिवळा रंग देत. त्यांचा हात असा होता की गेल्या वर्षीचा तागा आणि यंदाचा तागा शेजारी ठेवला तरी फरक दिसू नये. यावेळी मात्र माल आला तो मळकट, मेंदीच्या वाळलेल्या पाल्यासारखा. नागपूरच्या गिऱ्हाईकाने तो परत केला. आम्ही कारागिराची मजुरी अडवून धरली.

ते दुकानात आले आणि एवढेच म्हणाले, "सेठ, हात तोच आहे, साल तीच आहे, तुरटी तीच आहे. विहीर आटली म्हणून बोअर मारले. पाणी तेवढे बदलले." आम्हाला ही सबब वाटली. बोअरचे पाणी आम्ही स्वतः पाहिले होते. ते काचेसारखे स्वच्छ होते. स्वच्छ पाणी रंग कसा बिघडवेल?

महिनाभर मजुरी थांबली. मग एका ओळखीच्या विज्ञान शिक्षकांनी ते पाणी बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत द्यायला लावले. अहवालात लोखंड मर्यादेच्या बरेच वर निघाले. कारागीर खरे बोलत होते. आम्ही मजुरी दिली, उशिराबद्दल माफीही मागितली. परंतु महिनाभर त्यांच्या घरात काय चालले असेल याचा हिशेब आमच्याजवळ नाही. म्हणूनच हा विषय आम्ही मुळापासून समजून घ्यायचे ठरविले.

दिसणारा आणि न दिसणारा धातू

लोखंडाचा खिळा पाण्यात टाकला तर तो दिसतो. मीठ पाण्यात टाकले तर ते विरघळून दिसेनासे होते, पण चव सांगते की ते आहे. धातूही असाच विरघळतो. विरघळलेल्या धातूच्या कणावर विजेचा भार असतो आणि अशा कणाला आयन म्हणतात. तो गाळणीने गाळता येत नाही आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

जमिनीखालच्या पाण्याला हवा मिळत नाही. तेथे लोखंड विरघळलेल्या स्थितीत शांत बसलेले असते. बोअरमधून पाणी वर आले की ते स्वच्छच दिसते. बादलीत काही तास ठेवले, हवा लागली, की त्याचे तांबूस गाळात रूपांतर होते. आम्ही पाहिले ते नुकते उपसलेले पाणी होते. फसगत तेथेच झाली.

आमच्या टापूच्या चोहोबाजूंना धातूचे साठे आहेत. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग व चिखला आणि पलीकडे बालाघाटमधील भरवेली येथे मँगनीजच्या खाणी आहेत. छत्तीसगडात दल्ली-राजहरा येथे लोखंडाची खाण आहे. खडकात जे आहे ते थोडेफार पाण्यात उतरणारच. याचे गंभीर उदाहरणही दूरचे नाही. छत्तीसगडातील अंबागड चौकी भागात कौडीकसा व आसपासच्या गावांच्या भूजलात आर्सेनिक, म्हणजे सोमलाचे विष, असल्याचे १९९९ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले. त्यावेळी तो भाग मध्य प्रदेशातील राजनांदगाव जिल्ह्यात होता. तेथे कारखाना नव्हता. विष खडकातूनच आले होते. पाण्याला रंग नव्हता आणि वासही नव्हता.

रंगारी हा जुना परीक्षक

आपल्या रंगारी बंधूंना एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वनस्पतीचा रंग नुसता कापडावर टिकत नाही, त्याला धातूचा आधार लागतो. तुरटीत ॲल्युमिनियम असते, हिराकसात लोखंड असते आणि मोरचुदात तांबे असते. त्याला आमच्याकडे नीला थोथाही म्हणतात. तोच रस तुरटीबरोबर पिवळा होतो, मोरचुदाबरोबर हिरवट होतो आणि हिराकसाबरोबर काळपट होतो. मंजिष्ठाचा लाल रंग तुरटीशिवाय खुलत नाही. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई तर जुन्या लोकांनी घरोघर केलेली आहे.

याचाच अर्थ असा की रंगाचा रेणू धातूच्या आयनाला धरतो आणि धरताक्षणी आपले रूप बदलतो. आमच्या कारागिराच्या भांड्यात तुरटी टाकली होती, पण पाण्यातून लोखंड न बोलावता आले. डाळिंबाच्या सालीने दोघांनाही धरले आणि पिवळ्यात काळा मिसळला.

हिशेबही करून पाहू. समजा पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम लोखंड आहे. एक किलो कापडाला भिजविणे, तुरटी देणे, रंगविणे, धुणे धरून सुमारे १५० लिटर पाणी लागले. म्हणजे ४५० मिलिग्रॅम लोखंड आले. हिराकसात वजनाच्या पाचवा हिस्सा लोखंड असते. तेव्हा रंगाऱ्याने सव्वादोन ग्रॅम हिराकस आपल्या हाताने भांड्यात टाकल्यासारखेच झाले. त्यातले निम्मे जरी कापडाने धरले तरी कोवळा पिवळा रंग मारायला ते पुरेसे आहे.

धातू केवळ रंगच बिघडवितो असे नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडने कापड पांढरे करताना पाण्यात किंवा सुतात लोखंड वा तांबे असेल, तर पेरॉक्साइड त्या जागी एकदम फुटते आणि कापडाला बारीक भोके पडतात. चुनखडीचे पाणी असेल तर त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाला खाऊन टाकतात आणि कापडावर चिकट थर बसतो.

चमक म्हणजे काय

आता मुख्य विषयाकडे येऊ. रंग बदलण्यापेक्षाही बारीक खूण म्हणजे चमक. ती आपण रोज पाहतो. दुकानात नोटा तपासण्याचा जांभळा दिवा असतो. त्याखाली खरी नोट धरली की तिच्यावरील आकडे व बारीक तंतू उजळतात. त्याच दिव्याखाली नवे पांढरे कापड धरून पाहा. ते निळसर पेटते. कारण गिरणीत त्याला टिनोपालच्या जातीचे पांढरेपणा वाढविणारे रसायन दिलेले असते. ते रसायन आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश गिळते आणि त्याबदल्यात दिसणारा निळा प्रकाश बाहेर टाकते.

या गुणाला पुस्तकात प्रतिदीप्ती म्हणतात, बोलण्यात फ्लुओरेसन्स. कोयनेलच्या द्रावणातली निळी झाक सर जॉन हर्शेल यांनी १८४५ साली नोंदविली आणि १८५२ साली जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी तिचे कारण सांगून तिला हे नाव दिले. रेणू प्रकाश घेतो, क्षणभर तो ठेवतो, त्यातली थोडी ऊर्जा उष्णतेत घालवितो आणि उरलेली परत देतो. म्हणून परत दिलेला प्रकाश घेतलेल्यापेक्षा नेहमी थोडा लाल बाजूचा असतो. आपल्या आडतीच्या धंद्यासारखेच हे आहे. माल पूर्ण परत जात नाही, वाटेत थोडी तूट येते.

अंधारात एक काजवा लांबून दिसतो, पण भर दिवसा पांढऱ्या भिंतीवरचा फिका डाग जवळूनही दिसत नाही. चमकेवर आधारलेली परीक्षा रंगावर आधारलेल्या परीक्षेहून बहुधा नाजूक असते, त्याचे कारण हेच.

बाझेलचा रसायनतज्ज्ञ आणि रंगाचे लाकूड

धातू ओळखण्यासाठी या चमकेचा उपयोग प्रथम करणाऱ्याचे नाव फ्रीडरिश गॉपेल्सरोडर. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराचे ते सरकारी रसायनतज्ज्ञ होते आणि त्यांची गोष्ट आपल्या धंद्याशी फार जवळची आहे.

१८६४ च्या सुमारास बाझेलमध्ये म्यूलर-पाक यांच्या रंग कारखान्याजवळ विहिरीचे पाणी पिणारी माणसे आजारी पडली. कारखान्यात किरमिजी ॲनिलीन रंग तयार होत असे आणि त्यासाठी आर्सेनिकचे आम्ल वापरले जाई. सांडपाणी जमिनीत मुरत होते. गॉपेल्सरोडर यांनी विहिरी तपासल्या आणि पाण्यात आर्सेनिक असल्याचे दाखवून दिले. कारखानदाराला दोषी ठरविण्यात आले व भरपाई द्यावी लागली.

पुढे १८६७ साली याच गृहस्थांनी फस्टिक नावाच्या रंगाच्या लाकडातील मोरिन हे पिवळे द्रव्य घेतले. ॲल्युमिनियम असलेल्या द्रावणात ते टाकले की हिरवी चमक उठते आणि त्या चमकेवरून ॲल्युमिनियमचा थोडासा अंशही ओळखता येतो, असे त्यांनी दाखविले. हेच मोरिन आपल्या फणसाच्या गाभ्याच्या लाकडातही असते. त्या लाकडापासून पिवळा रंग काढण्याची रीत पूर्वेकडील देशांत जुनी आहे. म्हणजे रंगारी तुरटी आणि पिवळ्या लाकडाचा जो संयोग कापडावर करीत आला, तोच संयोग पुढे धातू शोधण्याचे साधन झाला. गॉपेल्सरोडर नंतर फ्रान्सच्या सीमेवरील म्यूलूझ या कापडाच्या शहरात रसायनशाळेचे प्रमुखही झाले.

पकड आणि दिवा

आजचे धातू ओळखणारे चमकदार रेणू प्रयोगशाळेत हेतुपूर्वक घडविले जातात. त्यांचे दोन भाग समजावेत. एक भाग पकड, जी धातूच्या आयनाला धरते. दुसरा भाग दिवा, जो चमकतो. दोघांना जोडणारा मध्ये एक छोटा दांडा असतो.

पकड रिकामी असताना तिच्याजवळचा मोकळा इलेक्ट्रॉन उडी मारून दिव्याकडे जातो आणि दिव्याने घेतलेली ऊर्जा चमकेत न जाता वाया जाते. दिवा विझलेला राहतो. धातूचा आयन पकडीत बसला की तो इलेक्ट्रॉन त्याच्याशी गुंततो, उडी थांबते आणि दिवा पेटतो. या तत्त्वावर १९८० च्या दशकात पद्धतशीर काम करणाऱ्यांत ए. पी. डिसिल्वा हे प्रमुख होत. ते मूळचे श्रीलंकेचे, कोलंबोत शिकलेले आणि उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात काम केलेले. या तत्त्वावरचे सेन्सर रक्तातील सोडियम, पोटॅशियम व कॅल्शियम मोजणाऱ्या यंत्रांत प्रत्यक्ष वापरले गेले आहेत. जिवंत पेशीच्या आतील कॅल्शियम दाखविणारे रेणू रॉजर त्सिएन यांनी त्याच दशकात तयार केले.

दुसरी एक युक्ती रंगाऱ्यांच्या ओळखीच्या ऱ्होडामाइन या गुलाबी रंगाची आहे. त्याच्या रेणूला एक कडी घालून बंद केले की तो रंगहीन व निस्तेज होतो. तांब्याचा आयन आला की ती कडी उघडते, गुलाबी रंग आणि चमक दोन्ही परत येतात. १९९७ साली झार्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तांब्यासाठी करून दाखविले आणि त्यानंतर याच धर्तीवर अनेक धातूंसाठी रेणू तयार झाले.

पकड कोणत्या धातूला धरील हे तिच्या मापावर व स्वभावावर ठरते. बांगडी हाताच्या मापाची लागते, तसेच हे आहे. शिवाय पारा गंधकाकडे ओढला जातो, कॅल्शियम प्राणवायूकडे. हे ओळखून पकड घडवावी लागते. आपल्याकडे मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये प्रा. सी. पी. राव व त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॅलिक्सअरीन या पेल्याच्या आकाराच्या रेणूंना अशा पकडी जोडून जस्त, तांबे, पारा वगैरे ओळखण्याचे काम अनेक वर्षे केले.

घरी करून पाहण्यासारखा प्रयोग

नोटा तपासण्याचा दिवा, चिमूटभर हळद आणि औषधाच्या दुकानातील स्पिरिट एवढ्यावर हे तत्त्व दिसते. हळद स्पिरिटमध्ये ढवळून वरचे पिवळे पाणी दोन काचेच्या पेल्यांत सारखे घ्यावे. अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली दोन्ही हिरवट पिवळे चमकतील. आता एका पेल्यात साध्या पाण्याचे पाच थेंब आणि दुसऱ्यात मोरचूद विरघळविलेल्या पाण्याचे पाच थेंब टाकावेत. दुसऱ्यातील चमक जास्त मंदावते. तांब्याने हळदीच्या रेणूला धरले.

पहिल्या पेल्यात साधे पाणी का टाकायचे, असे कोणी विचारील. कारण नुसत्या पाण्यानेही हळदीची चमक थोडी कमी होते. तो पेला नसता तर पाण्याचा दोष आपण तांब्याच्या माथी मारला असता. तुलनेसाठी कोरा नमुना ठेवल्याशिवाय कोणतीही परीक्षा न्याय देत नाही. स्पिरिट पेट घेते म्हणून जवळ चूल वा विडी नसावी, दिव्याकडे थेट पाहू नये आणि मोरचूद विषारी असल्याने तो पेला मुलांच्या हाती लागू देऊ नये.

किती बारीक मोजावे लागते

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आय.एस. १०५०० हे आहे. त्यानुसार लोखंड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावे. म्हणजे हजार लिटरच्या टाकीत १ ग्रॅम. शिसे लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या आत हवे. दहा हजार लिटरचे दहा टँकर भरले तर त्या सर्वांत मिळून १ ग्रॅम. कॅडमियम ०.००३ आणि पारा ०.००१ मिलिग्रॅमच्या आत. पाऱ्याच्या बाबतीत शंभर टँकरमध्ये १ ग्रॅम, एवढी ही मर्यादा आहे.

लोखंड निदान तांबूस गाळ दाखविते, चहा काळा करते, भांड्यावर डाग पाडते. शिसे, कॅडमियम व पारा असे काहीच दाखवीत नाहीत आणि शरीरात साठत राहतात. शिशाने लहान मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो. कल्हई करणारे, बॅटऱ्या दुरुस्त करणारे, झाळकाम व मुलामा देणारे आपले अनेक बंधू याच धातूंमध्ये दिवसभर हात घालतात. त्यांच्या आवारातील विहिरीचे पाणी त्यांचीच मुले पितात. या विषयाचे महत्त्व कापडाच्या रंगापुरते नाही, ते यासाठी.

फसगत कोठे होते

चमकेची परीक्षा नाजूक आहे, पण निर्दोष नाही. चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, लोखंड व तांबे हे बहुधा चमक विझवितात. विझण्याची कारणे अनेक असतात. पाणी गढूळ असेल, आम्ल कमीजास्त असेल, दुसराच धातू असेल, तरीही दिवा मंदावतो. पेटणारा दिवा त्या मानाने अधिक भरवशाचा साक्षीदार होय. आमच्या प्रकरणात पिवळा रंग विझला होता आणि आम्ही त्याचे एकच कारण धरले, कारागिराचा हात. चूक तीच होती.

दुसरी गोष्ट, एका धातूसाठी केलेली पकड जवळच्या दुसऱ्या धातूलाही थोडीफार धरते. जस्तासाठीचे अनेक रेणू कॅडमियमलाही प्रतिसाद देतात.

तिसरी गोष्ट खास आपल्या धंद्याची. रंगारखान्याच्या नालीचे पाणी स्वतःच रंगीत असते आणि त्यात पांढरेपणाचे रसायन असेल तर ते जांभळ्या दिव्याखाली धातू नसतानाही चमकते. अशा पाण्यावर घरगुती निष्कर्ष काढू नये.

चौथी गोष्ट, प्रयोगशाळांत तयार झालेल्या अशा रेणूंपैकी फार थोडे बाजारापर्यंत आले आहेत. कागदी पट्टीवर रसायन बसवून मोबाईलच्या कॅमेऱ्याने चमक मोजण्याचे काम अनेक ठिकाणी चालू आहे. परंतु पट्टीने संशय घ्यावा आणि निकाल प्रयोगशाळेच्या यंत्राकडून घ्यावा, हाच शहाणपणा आहे. भांडण मिटविण्यासाठी वा न्यायासाठी छापील अहवालच चालतो.

आपण काय करावे

१. हिरड्याची परीक्षा. चमचाभर हिरडा पूड बॅटरीत घालण्याच्या शुद्ध पाण्यात उकळून गाळून घ्यावी. चार काचेच्या पेल्यांत अनुक्रमे शुद्ध पाणी, जुन्या विहिरीचे पाणी, नव्या बोअरचे पाणी आणि हिराकसाचा एक कण विरघळविलेले शुद्ध पाणी घ्यावे. प्रत्येकात एक एक चमचा हिरड्याचा काढा टाकून अर्धा तास थांबावे. हवा लागल्यावरच रंग पुरता उठतो. पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावे. पहिला पेला पिवळसर राहील, चौथा काळपट निळा होईल. बोअरचा पेला ज्याच्याकडे झुकेल त्यावरून लोखंडाचा अंदाज येतो. खर्च चहाच्या एका कपापेक्षा जास्त नाही.

२. नमुना नीट घ्यावा. बोअर दहा मिनिटे चालू ठेवून मगच बाटली भरावी. बाटली प्लॅस्टिकची, नवी, त्याच पाण्याने तीनदा विसळलेली असावी. लोखंडी बादलीतून पाणी भरू नये. धातूंच्या तपासणीसाठी बाटलीत थोडे आम्ल घालावे लागते, म्हणून प्रयोगशाळेकडून त्यांचीच बाटली मागून घ्यावी.

३. नमुना योग्य ठिकाणी द्यावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळांत पाण्याची तपासणी होते आणि खाजगी व्यक्तीलाही माफक फी भरून ती करून घेता येते. कोणकोणत्या धातूंची तपासणी हवी हे अर्जात नाव घेऊन लिहावे. न लिहिल्यास नेहमीच्याच गोष्टी तपासल्या जातात. अनेक ग्रामपंचायतींकडे जलजीवन मिशनची तपासणी पेटी आहे व गावातील महिलांना तिचे शिक्षण दिलेले आहे. तिचा लाभ घ्यावा.

४. लोखंड निघाल्यास घाबरू नये. पाणी उंचावरून धारेने टाकीत पाडावे, रात्रभर ठेवावे व वाळूच्या थरातून गाळावे. बरेचसे लोखंड गाळात बसते. रंगाच्या कामासाठी साठविलेले पावसाचे पाणी सर्वांत चांगले. आर्सेनिक किंवा शिसे निघाल्यास मात्र ते पाणी पिण्यासाठी ताबडतोब बंद करावे. उकळल्याने धातू जात नाही. पाणी आटून तो उलट दाट होतो.

५. आपल्या नालीकडे पाहावे. उरलेला हिराकस, मोरचूद व रंग मोकळ्या जमिनीत ओतला तर तो कोणाच्या तरी विहिरीत निघतो. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्याने त्याला मनाईही आहे. बाझेलच्या कारखान्याची गोष्ट विसरू नये.

६. व्यवहार लिहून ठेवावा. माल रंगवायला देताना आम्ही आता चिठ्ठीत पाण्याचा स्रोत लिहितो. पाणी बदलले तर कारागिराने आधी सांगावे आणि त्या पाण्यात आधी वीतभर कापड रंगवून पाहावे, असे ठरले आहे. त्या तुकड्याचे दोन भाग करून एक आमच्याजवळ व एक त्यांच्याजवळ राहतो. पाण्यामुळे बिघाड झाला तर नुकसान दोघांनी वाटून घ्यायचे आणि मजुरी कोणत्याही स्थितीत अडवायची नाही.

शेवटचे कलम आम्ही स्वतःहून घातले. कारागिराजवळ प्रयोगशाळेचा अहवाल नसतो, वकील नसतो, दोन महिन्यांची शिल्लक नसते. त्याच्याजवळ त्याचे बोलणे असते. ते खोटे आहे असे ठरविण्यापूर्वी चहाच्या कपाएवढा खर्च करून चार पेले मांडणे व्यापाऱ्याला कठीण नाही.

ते रंगारी आजही आमचे काम करतात. बोअरचे पाणी त्यांनी टाकीत घेऊन गाळायला सुरुवात केली आणि पिवळा रंग पूर्ववत आला. त्यांच्या अंगणात आता हिरड्याची पूड आणि चार काचेचे पेले ठेवलेले असतात. पावसाळ्याच्या आधी व नंतर ते स्वतः पाणी पाहतात आणि शेजारच्या घरांनाही करून दाखवितात. वाचक बंधूंनी आपापल्या विहिरीचे व बोअरचे पाणी यंदा एकदा तरी असे तपासावे, एवढीच विनंती.